पाडलेल्या भिंतीचा धडा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



दहावीनंतर मी सातारा सोडलं, सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि सांगलीत बांधकामात पडलो. गणितात काठावर पास होणारा मी आज शाळेतल्या मुलांना गणित शिकवतो, हे ऐकून सर हसतील!

सुरुवात झाली २०१९च्या महापुरानंतर. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली पडक्या भिंतींचे ढीग होते. शेजारच्या सातवीतल्या मुलाने विचारलं, "काका, या विटा आता टाकूनच द्यायच्या?" इतकी वर्षं मी राडारोडा ट्रॅक्टरमध्ये भरून पाठवत आलो होतो. कुठे जातो, हे कधी बघितलं नव्हतं.

तेव्हापासून शनिवारी मी शाळेत जातो. मुलं जुनी वीट वजन करतात, चोवीस तास पाण्यात ठेवतात, पुन्हा वजन करतात. तीन किलोच्या विटेने सहाशे ग्रॅमपेक्षा, म्हणजे वीस टक्क्यांपेक्षा जास्त पाणी प्यायलं, तर ती भिंतीला नाही, बागेच्या कडेला. चुन्यातली वीट अलगद सुटते, सिमेंटमधली फुटते, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी शोधलं. मग विटा उभ्या कडेवर लावून, मध्ये पोकळी ठेवून आम्ही छोटी भिंत रचली. लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली ही पद्धत. विटा सुमारे पंचवीस टक्के कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे खोलीही कमी तापते. शेकडेवारी मला शाळेत समजली नव्हती, ती या मुलांना भिंतीत दिसली.

पण जुनं ते सगळं सोनं नव्हे. एका मुलीने विचारलं, "मातीचं घर थंड असतं, मग आपण सगळे तेच का बांधत नाही?" मी तिला नदीकाठी नेलं. कच्ची वीट पुरात विरघळते. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. दगडमातीच्या भिंती कशा कोसळल्या, ते त्यांनीच आपल्याला सांगितलं. आणि सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात जाते. त्यांना मुलांनी हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम.

आता मुद्द्याचं बोलतो. आपली कौलारू इमारत पाडायचं ठरलं आहे. ती धोकादायक झाली आहे, पाडायलाच हवी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिचा चुना, विटा, सागवानी वासे आणि कौलं एका दिवसात ट्रकमध्ये भरून गेली, तर मला वाईट वाटेल. कंत्राटदाराने ती सुटी उतरवावीत, यासाठी थोडे जास्त दिवस आणि जास्त मजुरी लागेल. ती मजुरी आपल्या बॅचने द्यावी. त्या विटा मुलांनी तपासाव्यात आणि त्यांतून पाणपोईची ठेंगणी भिंत आणि झाडांचे पार व्हावेत. गवंडीकाम गवंडीच करेल, देखरेख मी करेन.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यात 'कमवा आणि शिका' हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हाताने केलेलं विसरत नाही, एवढंच त्यात मी जोडतो.

ज्या भिंतीला टेकून आपण डबे खाल्ले, तिच्या विटांवर उद्या कुणीतरी पाणी पिईल. याहून मोठं स्मारक मला सुचत नाही.