नावासारखे नाव



संगणकावर चित्रफिती जोडण्याच्या विद्येविषयी बोलण्याचा अधिकार मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त मास्तराला कोणी दिला, असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात येईल. अधिकार काही नाही. माझ्या हातून एक चूक घडली. तिचा जमाखर्च आपणांपुढे मांडावा, एवढाच हेतू आहे.

मी राहतो भातसानगरास. नोकरीतून मोकळा झाल्यावर शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांतील वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या टिपून ठेवाव्या, असे मनाने घेतले. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातील हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, हे माझ्या वाचनात आले होते. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारणीचे नाव व गावही नोंदले आहे, ही गोष्ट मी वाचली खरी, पण तिचे मोल मला त्या वेळी कळले नाही. मी एक लहानसा कॅमेरा घेतला. पुतण्याने संकलनाचे पहिले धडे दिले.

हे संकलन म्हणजे काय, ते आमच्या धरणावरून सांगतो. भातसेचे पाणी नदीने पिसे येथवर जाते, तेथे उपसले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मग मुंबईच्या नळाला येते. नळाच्या पोटात पाणी नसते. त्याला फक्त वाट ठाऊक असते. संकलनाच्या प्रोजेक्टचेही तसेच आहे. त्यात चित्र नाही की आवाज नाही. अमुक डिस्कवरच्या अमुक फोल्डरातील अमुक फाइल, तिचा अमुक सेकंदापासून अमुक सेकंदापर्यंतचा भाग, एवढ्या पत्त्यांची ती यादी. म्हणूनच ती आकाराने इतकी लहान की कोणासही नवल वाटावे. फोल्डराची जागा बदलली, किंवा नावातले एक अक्षर जरी बदलले, की धरण भरलेले असूनही नळ कोरडा. पडद्यावर चित्राच्या जागी लाल पाटी येते.

ती पाटी मी पाहिली. जुनी डिस्क भरली तेव्हा पुतण्याने साऱ्या फाइली नव्या डिस्कवर नेल्या आणि दिवसवार केलेले फोल्डर मोडून त्या एकाच ठिकाणी ठेवल्या. घर झाडून लख्ख करावे, तसा त्याचा हेतू. प्रोजेक्ट उघडले तो सर्वत्र लाल. पुतण्या हसला व म्हणाला, “काका, घाबरू नका, पुन्हा जोडता येते.” त्याने एका फाइलीचा नवा पत्ता दाखविला, आणि संगणकाने बाकीच्या आपण होऊन शोधून काढल्या. मी पहिली पाच मिनिटे पाहिली आणि समाधानाने उठलो. माझी चूक ती तेथे.

त्या पौषात एका पाड्यावर, शाळेच्या भिंतीवर, आम्ही ती चित्रफीत दाखविली. मध्येच एक तरुण उठून माझ्याजवळ आला. “गुरुजी, नाव आमच्या आजीचं आहे, पण ही आमची आजी नाही.” आजी त्याच वर्षी वारली होती. खाली तिचे नाव, वर दुसऱ्याच पाड्यावरची बाई दुसरीच ओवी म्हणत होती. सारी मंडळी माझ्याकडे पाहत होती.

घडले असे. माझ्या कॅमेऱ्याची क्रमवारी नव्या कार्डाबरोबर पुन्हा एकापासून सुरू होई. त्यामुळे ‘एमव्हीआय ०००७’ ह्या नावाच्या दोन फाइली होत्या, दोन दिवसांच्या, दोन बायांच्या. त्या एका ठिकाणी येताच संगणकाने दुसरीच्या नावापुढे कंसात एक घातला. पुन्हा जोडताना प्रोजेक्टने नाव विचारले; नाव जुळले; प्रश्न मिटला. दोन्ही फाइलींची काळमोजणी शून्यापासूनच, आणि दोन्ही पुरेशा लांब, तेव्हा तक्रार करणार कोण? हरवलेली फाइल निदान लाल पाटी दाखविते. चुकीची जोडलेली काहीच दाखवीत नाही.

वस्तुतः मास्तराला हे सांगावे लागू नये. शाळेत एकाच नावाची, एकाच आडनावाची मुले मी कित्येक वर्षे सांभाळली. जनरल रजिस्टरातील क्रमांकावाचून एकाचाही दाखला कधी लिहिला नाही. तीच सावधगिरी येथे का सुचली नाही, कोण जाणे. जुने चित्रपटवाले ह्या बाबतीत शहाणे. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हच्या कडेला दर फुटास, म्हणजे १६ चित्रांस, एक क्रमांक छापलेला असे व तो प्रतीवरही उमटे. संकलकाने प्रत कापावी आणि त्या क्रमांकांबरहुकूम मूळ निगेटिव्ह कापले जावे, अशी रीत होती.

ओळख पुसली की केवढा घोटाळा होतो, हे पाहावयाचे तर दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आठवावा. तो ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला. त्याची पहिली व शेवटची रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपली आहेत. परंतु फाळक्यांनी १९१७ साली तीच कथा पुन्हा चित्रित केली होती, आणि उरलेली रिळे त्या दुसऱ्या चित्रपटाची असावीत, असे काही इतिहासकार मानतात. कथा तीच, कर्ता तोच. मग रिळाने साक्ष द्यावी कशी?

आता मी कार्ड घरी आणले की प्रथम ते अख्खे उतरवितो, त्यातला एकही फोल्डर न मोडता. मग प्रत्येक फाइलीला तारीख, पाडा व माझ्या वहीतील क्रमांक असे नाव देतो, तेही प्रोजेक्टमध्ये घेण्यापूर्वी. नंतर त्या नावाला हात लावीत नाही. हाच संसार, ह्याच मांडणीने, दुसऱ्या डिस्कवर ठेवतो व ती डिस्क दुसऱ्या घरी असते. पुन्हा जोडण्याचा प्रसंग आलाच, तर प्रत्येक तुकडा वही पुढे घेऊन पाहतो. वेळ फार जातो. निवृत्ताजवळ तो असतो.

आजीच्या पाच ओव्या होत्या. चार सापडल्या. पाचवी आवराआवरीत ‘दुबार’ समजून पुसली गेली होती, आणि कार्डावर तोवर दुसरे चित्रण झाले होते. पुतण्याला मी बोल लावीत नाही. माझ्या वहीत त्या दिवसाचे पानच कोरे होते. मात्र पहिल्या जोडणीचा एक नमुना मी नातवाला फोनवर पाठविला होता, तो त्याने पुसला नव्हता. मी वायर घेऊन त्याच्या घरी गेलो. चित्र पाठविताना आकसून पुसट झालेले, आवाज मात्र स्वच्छ. फाइलीचे नाव म्हणजे नुसते लांबलचक आकडे. आजीचे पुरते नाव नातवाकडून विचारून घेतले, आणि ती ओवी वहीत ४१ क्रमांकावर चढविली.