आजीच्या उशाशी यंत्र



उसाच्या पाण्याची मोटर बंद पडली, तर आपण लगेच धावतो. आज दुसऱ्या एका यंत्राविषयी बोलू. ते आजीच्या उशाशी असते. त्याचे नाव बायपॅप.

समजा, आजीने कधी विडी ओढली नाही. पण जन्मभर चुलीचा धूर गिळला. लाकूड, गोवऱ्या, तुराट्या यांच्या धुराने फुप्फुसे झिजतात. श्वासनळ्या अरुंद होतात. आतली खराब हवा पुरती बाहेर पडत नाही. ती रक्तात साठते. मग सकाळी डोके दुखते, दिवसा गुंगी येते. डॉक्टर रक्त तपासतात. गरज असेल त्यालाच हे यंत्र देतात.

यंत्र काय करते? आजी श्वास घेते, तेव्हा मुखवट्यातून हवा जोराने आत ढकलते. श्वास सोडते, तेव्हा जोर कमी करते. दमलेल्या छातीला आधार मिळतो. घशात नळी घालावी लागत नाही. बहुतेकांना ते रात्री झोपेत लावतात.

१९५२ साली डेन्मार्क देशात कोपनहेगन शहरी पोलिओची मोठी साथ आली. तेव्हा विद्यार्थ्यांनी पाळी लावून, रबरी पिशवी हाताने दाबून, रात्रंदिवस रोग्यांना हवा दिली. आज ते काम यंत्र करते. पण पाळत माणसालाच ठेवावी लागते.

मुखवटा फार आवळू नका, नाकावर जखम होते. फार सैल ठेवला तर हवा निसटते. तो रोज साबणाच्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. त्याची बारीक छिद्रे बुजवू नका. खराब हवा तिथूनच बाहेर जाते. वीज गेली, यंत्र थांबले, की मुखवटा ताबडतोब काढा. बॅटरीची सोय आधीच करून ठेवा. उलटी येऊ लागली तरी मुखवटा काढा.

सोबत प्राणवायू दिला असेल, तर चूल, विडी, देवापुढचा दिवा लांब ठेवा. आग भडकते.

आता सर्वांत मोठी गोष्ट. आजीला धाप लागते. मुलगा मायेपोटी प्राणवायू वाढवतो. आजी शांत पडते. घरच्यांना वाटते, बरं झालं, डोळा लागला! पण या आजारात जादा प्राणवायूने खराब हवा आणखी साठू शकते. ती झोप नव्हे, गुंगी असू शकते. म्हणून डॉक्टरांनी लावून दिलेले माप स्वतः बदलू नका. आजीला हाक मारा. उत्तर नीट आले नाही, ओठ निळे पडले, तर १०८ला फोन करा. दवाखान्यात न्या. सकाळची वाट पाहू नका.

जाता जाता एक सांगतो. आजीची चूल आता सून पेटवते. तिच्या छातीत तोच धूर जातो आहे. घरात गॅस असेल तर तो वापरा. नसेल तर चुलीवर धुराडे बसवा. आजच बसवा.