पडद्यावरचे हृदय आणि छातीतले हृदय



अमेरिकेत १९९४ ते २००९ पर्यंत 'ई.आर.' नावाची दूरदर्शन-मालिका चालली. शिकागोतील एका काल्पनिक रुग्णालयाचा तातडीचा विभाग हे तिचे स्थळ. तिचे जनक मायकेल क्रायटन स्वतः वैद्यक शिकलेले. तेव्हा ही सारी कल्पनेची भरारी, असे म्हणून चालणार नाही. १९९५ च्या एका भागात एक गर्भवती येते. लघवीची साधी तक्रार समजून डॉक्टर तिला घरी पाठवतात. खरा रोग असतो गरोदरपणातील वाढत्या रक्तदाबाचा. पुढे तिला झटके येतात, घाईघाईने पोट उघडावे लागते. मूल वाचते, आई जाते. गरोदर स्त्रीचा रक्तदाब आणि लघवी वेळोवेळी का तपासायची, हे या एका कथेवरून कोणालाही कळेल.

परंतु प्रत्येक वेळी पडदा इतका प्रामाणिक राहत नाही. १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी 'ई.आर.'सह तीन मालिकांचे ९७ भाग पाहिले. हृदय बंद पडलेल्यांना वाचवण्याच्या ६० प्रसंगांपैकी शेकडा ७५ मध्ये रुग्ण शुद्धीवर वा निदान जिवंत परत आला! प्रत्यक्षात बहुतेक रुग्ण हाती लागत नाहीत.

मालिकांतून आणखी एक गैरसमज पसरतो. रेघ सपाट होते, विजेचा धक्का देतात आणि हृदय चालू होते. खरे म्हणजे सपाट रेघेवर धक्क्याचा उपयोग नाही. हृदय नुसते थरथरत असते, रक्त पुढे ढकलत नसते, तेव्हा धक्का द्यायचा. तो ती बेशिस्त थरथर थांबवतो. ठेका मात्र हृदयाने स्वतःच धरायचा असतो.

आता आपण म्हणाल, हे आम्हांला कशाला? अशासाठी, की चमत्काराची वाट पाहणारा माणूस हात बांधून उभा राहतो. उद्या घरात कोणी बेशुद्ध पडले आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला कळवा आणि लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबू लागा. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका. यश येईलच असे वचन मी देत नाही. पण काहीच न करणे म्हणजे तो माणूस गमावणेच होय.