मोरचूद, डुकराची पिल्लं आणि माझा चुकलेला कॉलम

'कोडिंगवाला आज डुकरांवर का बोलतोय?' असं काहींना वाटेल. सांगतो. मी पशुखाद्याचं मिश्रण काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, आणि आमचे ग्राहक युरोपात आहेत. एकदा एका ग्राहकाच्या फाईलमध्ये लिहिलं होतं : टनामागे मोरचूद ५९० ग्रॅम. माझ्या कोडने ते सगळंच्या सगळं तांबं धरलं आणि स्क्रीनवर लाल इशारा दिला, ५९० पीपीएम!

इशारा खोटा होता. मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा असतं, म्हणजे खरा आकडा १५०. हाच तो मोरचूद, जो आपल्याकडे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणात टाकतात. हीच चूक उलट्या दिशेने झाली असती, म्हणजे ५९० ग्रॅम तांबं समजून चौपट मोरचूद ओतला गेला असता, तर? पिल्लांच्या यकृताला ते सोसलं नसतं. कॉलम दुरुस्त केला, पण एक प्रश्न डोक्यात राहिला. पिल्लाची गरज तर किलोमागे फक्त ५-६ मिलिग्रॅम. मग हे १५० कशासाठी?

आईचं दूध तोडल्यावर पिल्लू एकदम कोरड्या खाद्यावर येतं. पोट बिघडतं, जुलाब लागतात, वजन थांबतं, काही दगावतात. १९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये ब्राउडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की खाद्यात २५० पीपीएम तांबं दिलं तर डुकरं जोमाने वाढतात. स्वस्त आणि सोपा उपाय. मग तो जगभर पसरला, यात नवल नाही. पहाटे गोठ्यात जाऊन मेलेलं पिल्लू उचलणाऱ्याला तुम्ही काय शहाणपण शिकवणार?

पण इथेच खरी गोम आहे. गरज भागवणारं तांबं हे पोषण. त्याच्या वरचं तांबं आतड्यातल्या जंतूंना दाबतं, म्हणजे ते काम औषधाचं करतं. दोन्हींचं नाव एकच, म्हणून आपण दोन्ही एकाच रकान्यात लिहितो.

आणि हे औषध पोटात संपत नाही. बहुतेक सगळं तांबं विष्ठेतून बाहेर येतं, खत म्हणून शेतात जातं. धातू आहे, कुजणार नाही, दरवर्षी साठत जाणार. तशा कुरणात मेंढ्या चरल्या तर आणखी धोका, कारण मेंढीला तांबं फार लवकर बाधतं.

आता जंतूंचं बघा. २००२ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी डुकरांमधल्या एन्टेरोकॉकस जंतूंत तांबं पचवणारं जनुक दाखवलं, टीसीआरबी. ते एका प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या तुकड्यावर होतं. आणि त्याच तुकड्यावर काही अँटिबायोटिक्सना दाद न देणारी जनुकंही सापडली, त्यात व्हँकोमायसिनचंही. म्हणजे एकाच पेन ड्राइव्हवर दोन फाईली. तांब्यामुळे एक टिकली, की दुसरी आपोआप टिकते. व्हँकोमायसिन तर दवाखान्यात माणसांसाठी राखून ठेवलेलं औषध!

२०१८ साली युरोपीय संघाने मर्यादा आणली. दूध पिणाऱ्या आणि दूध तोडल्यानंतरच्या चार आठवड्यांतल्या पिल्लांना १५० पीपीएम, पुढचे चार आठवडे १००, मग मोठ्या डुकरांना २५. म्हणजे नाजूक वयात आधार मिळतो, नंतर काढून घेतात. मला हे पटलं. बंदी नाही, पण मोकळीकही नाही.

मीही आता त्या फॉर्ममध्ये दोन रकाने केलेत : एक गरजेचं तांबं, एक त्याच्या वरचं. दुसऱ्या रकान्यात वय लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. छोटासा बदल आहे, पण आकडा भरणाऱ्याला दर वेळी आठवण होते की आपण खाद्य देतोय की औषध.

बघा, पटतंय का.