विद्यामंदिरांतील पंक्तिप्रपंच

विद्यामंदिराचें दार गुणवंतांस मोकळें असावें, याविषयीं सुज्ञांमध्यें मतभेद नाहीं. मतभेद उत्पन्न होतो तो गुण कसा मोजावा आणि त्या दारापर्यंतची वाट सर्वांना सारखीच होती काय, या दोन प्रश्नांवर. अमेरिकेंतील महाविद्यालयीन प्रवेशाचा वाद गेलीं साठ वर्षें याच दोन प्रश्नांभोंवतीं फिरत आला आहे.

वाट सारखी नव्हती, हें निर्विवाद आहे. हीमन स्वेट या कृष्णवर्णीय गृहस्थानें १९४६ सालीं टेक्सास विद्यापीठाच्या विधिमहाविद्यालयांत प्रवेश मागितला. केवळ वर्णामुळें तो नाकारण्यांत आला. १९५० सालीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला, तेव्हां कोठें त्याच्यासाठीं दार उघडलें. पुढें जून १९६५ मध्यें हॉवर्ड विद्यापीठांत बोलतांना अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं या विषयाचें मर्म एका दृष्टान्तानें सांगितलें. वर्षानुवर्षें साखळदंडांत जखडलेल्या माणसाला मोकळें करून शर्यतीच्या आरंभरेषेवर आणून उभें करावें आणि ‘आतां सर्वांबरोबर धांव’ म्हणावें, एवढ्यानें न्याय पुरा होत नाहीं, असा त्याचा आशय होता. अशाच विचारांनीं अनेक विद्यापीठांनीं अर्जदाराचा वंश पाहून मागें ठेवल्या गेलेल्यांना झुकतें माप देण्यास आरंभ केला.

परंतु पंगतींत पानें मोजकीं असतात. एकाला बसविलें कीं दुसऱ्याला थांबावें लागतें, आणि थांबणाऱ्याचें दुःखहि खरेंच असतें. कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयांत १०० पैकीं १६ जागा अल्पसंख्य गटांसाठीं वेगळ्या ठेविल्या होत्या. ॲलन बाक्की या गौरवर्णीय उमेदवारास तेथें दोनदां नकार मिळाला. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याला प्रवेश देवविला व त्या राखीव जागा रद्द ठरविल्या. मात्र अनेक गोष्टींपैकीं एक म्हणून वंशाचा विचार करण्याची मुभा ठेविली. भारतीय श्रोत्यांनीं हा भेद ध्यानांत घ्यावा. भारतांत चंपकम् दोराईराजन् खटल्यानंतर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनें मागास वर्गांसाठीं विशेष तरतुदीचा मार्ग घटनेंतच आंखून दिला. अमेरिकेच्या घटनेंत तसें कलम नाहीं. तेथें सर्व भिस्त न्यायाधीशांच्या बहुमतावर राहिली.

अखेर २९ जून २०२३ रोजीं हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या खटल्यांत ती मुभाहि संपली. वंशानें आपल्या आयुष्यावर काय परिणाम केला हें अर्जदारानें निबंधांत लिहावें, एवढी वाट तेवढी उरली. हार्वर्डविरुद्ध मुख्य तक्रार होती ती आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांवर अन्याय होतो ही. आणि महाराष्ट्रांतून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलेंहि त्याच वर्गांत गणलीं जातात. म्हणून अनेक मराठी घरांतहि हा निकाल लक्षपूर्वक वाचला गेला असल्यास नवल नाहीं. २०२४ सालीं मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यापीठांत दाखल झालेल्या वर्गांत आशियाई वंशाचे विद्यार्थी शेंकडा ४७ झाले, आणि कृष्णवर्णीयांचें प्रमाण सुमारें शेंकडा १३ वरून ५ वर उतरलें. येल विद्यापीठांत मात्र तें शेंकडा १४ वरच टिकलें.

आतां निखळ गुणवत्तेचें राज्य आलें, असें म्हणावें तर तेंहि खरें नव्हे. हार्वर्डच्या खटल्यांत बाहेर आलेल्या आंकड्यांवरून अर्थशास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, तेथें प्रवेश मिळालेल्या गौरवर्णीयांपैकीं शेंकडा ४० हून अधिक जण एक तर निवडलेले खेळाडू होते, नाहीं तर माजी विद्यार्थ्यांचीं वा नोकरवर्गाचीं मुलें, किंवा अधिष्ठात्यांच्या खास यादींतील उमेदवार होते. त्या निकालानें या वशिल्याला हात लावला नाहीं. एका पानावरचें जास्तीचें तूप काढून घ्यावयाचें आणि यजमानाच्या सोयऱ्यांच्या पानावरचें तसेंच राहूं द्यावयाचें, यानें पंक्तिप्रपंच मोडत नाहीं.

शिवाय अमेरिकेंतील सार्वजनिक शाळांचा खर्च मोठ्या अंशानें स्थानिक मालमत्ता-करांतून भागतो. त्यामुळें सधन वस्तीची शाळा संपन्न आणि निर्धन वस्तीची शाळा दुबळी, ही विषमता मूल सहा वर्षांचें असतांनाच सुरू होते. अठराव्या वर्षीं महाविद्यालयाच्या दारांत उभें राहून ती कोणी कितीहि प्रामाणिकपणें मोजली, तरी मधल्या बारा वर्षांची भरपाई एका प्रवेशपत्रानें होत नाहीं. न्यायाची खरी चाड असणारांनीं दारावरचा तंटा अवश्य मिटवावा. पण त्याआधीं गांवच्या पहिल्या इयत्तेच्या वर्गांत डोकावून पाहावें.