आवाज बाईचा, नाव कुणाचं?

(हिर्डोशी, ता. भोर येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



एरवी मी तुमच्याशी पोटगी, रेशन, सातबारा यांवर बोलते. आज गाण्यांवर बोलणार आहे. मला जॅझ ऐकायचा नाद आहे. वर्ष सरताना आम्ही नादिष्ट माणसं यंदाची आवडती ध्वनिमुद्रणं आणि मैफिली मोजत बसतो. माझी यादी लहान आहे. तीन ध्वनिमुद्रणं आणि एक मैफल. ती मैफल हिर्डोशीतच झाली.

जॅझ आणि त्याच्याआधीचं ब्लूज हे अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या काळ्या माणसांच्या वंशजांनी घडवलेलं संगीत. चाल ठरलेली असते, पण गाणारी ऐन वेळी तिच्यात आपलं काही घालते. आपल्या ओवीसारखंच. गळा तोच, ओवी जिची तिची.

पहिलं ध्वनिमुद्रण बेसी स्मिथचं, १९२३ सालचं ‘डाउन हार्टेड ब्लूज’. गाणं रचलं दोन बायकांनी, अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन यांनी. तबकडी लाखांनी खपली. बेसीला मात्र गाण्यामागे ठरलेली रक्कम मिळाली, विक्रीत वाटा नाही. आपण भातलावणी उक्ती घेतो, पीक मालकाचं, तसंच ते.

दुसरा आवाज लॉर्नाचा. कोंकणी गाण्यात जॅझ आणणाऱ्या ख्रिस पेरींची ‘बेब्दो’, ‘पिसो’ ही गाणी तिने गाजवली. त्यांच्यापासून वेगळी झाल्यावर मात्र वीसेक वर्षं तिचं गाणं थांबलं. १९९५ साली ती ‘हॅलो लॉर्ना’ घेऊन परतली. नाव लोकांच्या तोंडी होतं, म्हणून परतायला जागा उरली.

तिसरं, परभणीकडच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्यांचं, १९९६ सालचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशीच्या डोंगरातल्या बायांबरोबर हे काम सुरू केलं आणि जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या लोकांपुढे येत आहेत. ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. मला हे फार मोठं वाटतं.

आता आपली मैफल. इथल्याच एका घरी लग्नाची हळद दळायची होती. जात्याला हात लावायला पाच सवाष्णी बसल्या. ओव्या मात्र त्यांच्यातल्या कुणालाच येईनात. येत होत्या त्या भिंतीला टेकून बसलेल्या आजीला. आजी विधवा, म्हणून जात्यापासून लांब. तिथूनच तिने तासभर ओव्या सांगितल्या. वर्षभरात यापेक्षा चांगलं गाणं मी ऐकलं नाही.

कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. पुढे ते फोनाफोनांतून फिरलं. त्यावर नवरा-नवरीची नावं होती, चित्रीकरण करणाऱ्याचंही होतं. आजीचं नव्हतं. नातीने दाखवलं तेव्हा आजी एवढंच म्हणाली, “माझं नाव घातलं असतं तर काय बाटलं असतं?”

हात नको, गळा हवा. गळा हवा, नाव नको. हे दोन्ही एकाच मुळाचं आहे.

कायदा आजीच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्यांचे हक्क स्पष्ट झाले. आपल्या गायनाला आपलं नाव लागावं, हा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने दिला. ओवी पिढ्यान् पिढ्यांची असली, तरी गाणं गाणारीचं असतं.

म्हणून प्रत्येक गटाने यंदा एवढं करावं. गाणारीला आधी विचारावं. तिचं नाव, गाव, तारीख तिच्याच तोंडून आवाजात घ्यावी. घेतलेलं तिला ऐकवावं, आणि ती नको म्हणाली तर पुसावं.

आणि पुढच्या हळदीला आजीला भिंतीपासून उठवून जात्यावर बसवावं. खुंटा धरायला मी येते. कोण कोण येणार, ते आत्ताच सांगा.