आजीच्या भरवशावर

एकट्या बाईने मूल वाढवले म्हटले, की आपण लगेच विचारतो, "बाप कुठे गेला?" आज मी तुम्हांला दुसराच प्रश्न सुचवणार आहे. त्या बाईच्या हाताशी कोण होते?

जमेका बेटाचेच पाहा. तेथे उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. गुलाम आईचे मूल मळेवाल्याच्या मालकीचे. बापाचा त्यावर काडीचाही हक्क नसे. १८३८ साली गुलामी पुरती संपली. पुढे पनामाचा कालवा खणायला पुरुष परमुलखी गेले. आईभोवतीच उभी राहिलेली घरे त्या बेटावर पुष्कळ. पण अशी आई एकटी नसे. आजी, मावशी, शेजारीण, कुणी ना कुणी असेच.

१९४८ पासून हे लोक मोठ्या संख्येने इंग्लंडात जाऊ लागले. महायुद्धानंतर तेथे कामाला माणसे हवी होती. कितीतरी बाया इस्पितळांत लागल्या. मुले मागे राहिली, आजीपाशी. आईकडून पैसे यायचे आणि पुढे केव्हातरी बोलावणे. आता सांगा, तीन वर्षांचे असताना सोडलेले पोर दहाव्या वर्षी आईपुढे उभे राहिले, तर आई म्हणून त्याला कोण आठवेल? समोरची बाई, की मागे राहिलेली आजी?

बरे, इंग्लंडात आजी नव्हती. रात्रपाळीला जायचे तर पोर कुणाच्या ओटीत टाकायचे? कर्जासाठी बँका दारात उभे करीत नसत. तेव्हा या लोकांनी गावाकडची 'पार्डनर' तेथे चालू केली. पार्डनर म्हणजे काय? अहो, आपली भिशीच! त्यातून कुणी घराचे पहिले पैसे भरले, कुणी मुलाचे तिकीट काढले.

मग १९६८ च्या कायद्याने नवीच अडचण आणली. आईबाप दोघेही इंग्लंडात नसले, तर मूल आणणे अवघड झाले. पालनाची सारी जबाबदारी आपल्या एकटीवरच आहे, हे आईने पटवून द्यायचे! आणि सांभाळत होती कोण? आजी. जिच्या आधारावर घर तगले, तीच कागदावर आड येऊ लागली.

तुमच्या आळीत परमुलखातून आलेली अशी एखादी आई राहत असेल. तिला बापाचे विचारू नका. "रात्रपाळी असली की पोराला आमच्याकडे झोपू द्या," एवढेच म्हणा.